टाका बिचारा, मग तरस कोण?

लहान मुलांच्या सिनेमावर लिहितोय म्हटल्यावर एका कार्यकर्त्या मित्राने फोनवरच हसून घेतले. शिष्यवृत्त्या रखडल्यात, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षे पडून आहेत आणि तू सिंहाच्या कार्टूनवर लिहितोस? त्याचे म्हणणे खोटे नाही. पण आपण मोर्चाला जातो तेव्हा आपली मुले घरी टीव्हीवर, मोबाईलवर काय बघत बसलेली असतात, याचा हिशेब चळवळीने कधी ठेवला आहे काय? राजा कोण, चोर कोण, कोणाची दया करायची आणि कोणाची किळस करायची, हे मूल पाटी हातात धरण्याआधीच शिकते आणि ते गोष्टीतून शिकते. ज्या देशात गोष्टी सांगून सांगून माणसे अस्पृश्य ठरवली गेली, त्या देशात गोष्टीला क्षुल्लक समजणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून हा लेख. एका बापाने आपल्या मुलीसोबत पाहिलेल्या सिनेमाविषयी आणि त्यातून निघालेल्या वादाविषयी.

'मुफासा: द लायन किंग' हा चित्रपट २० डिसेंबर २०२४ ला आपल्याकडे लागला. हिंदीत मुफासाला शाहरुख खानचा आवाज, त्याच्या थोरल्या मुलाचा सिम्बाला आणि धाकट्याचा छोट्या मुफासाला. त्यामुळे पोरांची गर्दी होणारच होती. २५ तारखेला मनुस्मृती दहन दिनानिमित्त महाडला जाऊन आलो आणि त्याच आठवड्याच्या रविवारी रत्नागिरीत हा सिनेमा पाहिला. मुलगी पाचवीत आहे. १९९४ चा जुना 'लायन किंग' तिने घरी बऱ्याचदा पाहिलेला. त्यात स्कार नावाचा काका आपल्या भावाला, म्हणजे मुफासा राजाला, मारतो आणि गादी बळकावतो. हा स्कार असा का झाला, याचे उत्तर तीस वर्षांनी या नव्या चित्रपटाने दिले आहे. नाव मुफासाचे असले तरी ही गोष्ट तितकीच खलनायकाच्या जन्माची आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुफासा नावाचा छावा पुरात वाहून जातो, आईबापांपासून तुटतो. टाका नावाचा एक राजपुत्र त्याला भेटतो आणि भाऊ मानतो. टाकाची आई एशे त्याला पोटच्या पोरासारखे वाढवते. टाकाचा बाप ओबासी मात्र त्याला उपराच मानतो. राजरक्ताचा नाही म्हणून त्याने नरांच्या पंगतीत बसायचे नाही, सिंहिणींबरोबर राहायचे. पुढे एशेवर हल्ला होतो तेव्हा मुफासा लढतो आणि टाका पळतो. पांढऱ्या सिंहांची टोळी सूड घ्यायला येते तेव्हा ओबासी आपला वंश वाचवण्यासाठी टाकाला पळवून लावतो आणि त्याला सांभाळायची जबाबदारी टाकतो त्याच उपऱ्या मुफासावर. वाटेत साराबी नावाची सिंहीण भेटते. टाकाला ती आवडते, तिचे मन मुफासावर बसते. टाका चिडतो आणि शत्रूला जाऊन मिळतो. शेवटच्या लढाईत तो मुफासाला वाचवतो खरा, डोळ्यावर व्रणही घेतो. पण भावाचा विश्वास गेलेला असतो. इतर प्राणी मुफासाला राजा मानतात. मुफासा टाकाला हाकलून देत नाही, पण त्याचे नाव पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही असे सांगतो. तेव्हापासून टाकाचा स्कार होतो. स्कार म्हणजे व्रण.

थिएटरातून बाहेर पडल्यावर मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, टाका बिचारा आहे. त्याचं सगळं मुफासाने घेतलं."

या 'घेतलं'वर मी अडकलो. कारण हा शब्द तिने थिएटरात ऐकला नव्हता, शाळेत ऐकला होता. दिवाळीआधी वक्तृत्व स्पर्धेसाठी वर्गातून एक नाव तालुक्याला पाठवायचे होते. सगळ्यांची भाषणे झाली आणि हिची निवड झाली. हिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने त्या दिवसापासून बोलणे टाकले. का, तर "माझी जागा घेतलीस. तुमचं बरं असतं, सगळीकडे तुमच्या जागा असतात." दोघींचे वय दहा. वक्तृत्व स्पर्धेत कसले आले आहे आरक्षण? तिथे ना कोटा होता, ना दाखला. उभे राहून बोलायचे होते, ही बोलली. पण दहा वर्षांच्या पोरीला ते वाक्य तयार मिळाले होते. आणि आमच्या दहा वर्षांच्या पोरीला त्या वाक्याचे उत्तर कुणी दिले नव्हते. म्हणून पडद्यावर टाका रडला तेव्हा हिला वाटले, मुफासाने घेतले.

आता शांतपणे हिशेब करू. मुफासाने टाकाचे नेमके काय घेतले? आई घेतली काय? नाही, आईनेच त्याला जवळ केले आणि तिच्यावर धाड पडली तेव्हा पळाला टाका. गादी घेतली काय? ज्या गादीसाठी टाकाला वाढवले ती त्याच्या बापाची होती, ती शत्रूने उद्ध्वस्त केली. पुढे ज्या भूमीत मुफासा राजा झाला तिथे टाकाच्या बापजाद्यांचा सात-बारा नव्हता. तिथल्या प्राण्यांनी कोणाला मानायचे ते स्वतः ठरवले. साराबी घेतली काय? साराबी म्हणजे वस्तू नव्हे. तिने निवड केली. म्हणजे टाकाच्या हातात असलेले काहीच गेले नाही. जे हातात येणारच असे त्याने गृहीत धरले होते, ते आले नाही. एवढेच घडले.

या दोन गोष्टींतला फरक आपल्या मुलांना समजला पाहिजे. हक्क हिरावला गेल्याचे दुःख वेगळे आणि मक्तेदारी मोडल्याचे दुःख वेगळे. पहिल्या दुःखात तहान असते, चवदार तळे असते. दुसऱ्या दुःखात तळे सगळ्यांना खुले झाले याचाच राग असतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्याल्यावर ज्यांनी काठ्या उचलल्या आणि नंतर पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले, त्यांचे पाणी कमी झाले होते काय? घोटभर पाण्याने तळे आटत नाही. आटतो तो जन्माचा तोरा. टाकाचे दुःख या दुसऱ्या जातीचे आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. तोरा गेल्याचेही दुखते. पण दुखते म्हणून तो अन्याय ठरत नाही.

आणि हा तोरा टाकाला दिला कोणी? माझ्या मते चित्रपटाने ही गोष्ट बरोबर दाखवली आहे. लहानगा टाका मुळात वाईट नाही. त्याला भाऊ हवा होता. रक्त वेगळे असलेल्या पोराला त्यानेच आधी 'भाऊ' म्हटले. त्याला भेद शिकवला तो बापाने. तू राजाचा, तो उपरा. तू पळालास तरी राजाच, तो लढला तरी उपराच. 'हे तुझेच आहे' असे ज्या घरात मुलाला कर्तृत्वाच्या आधी सांगितले जाते, त्या घरात टाका जन्मतो. शाळेतल्या त्या मुलीलाही ते वाक्य बाकावर सापडले नाही, जेवणाच्या ताटावर मिळाले असणार. म्हणून मला तिचा राग येत नाही. माझा वाद ओबासीशी आहे.

बॅरी जेनकिन्स या काळ्या अमेरिकन दिग्दर्शकाने हा चित्रपट केला आहे. २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा 'मूनलाइट' त्याचाच. रक्तापेक्षा कर्तृत्व मोठे, हा विचार त्याने कोट्यवधी पोरांपर्यंत नेला, याचे श्रेय दिलेच पाहिजे. जन्माने कोणी नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, हे तथागतांनी वसल सुत्तात सांगून अडीच हजार वर्षे होत आली. तेच एखादा सिंह सांगत असेल तर आपल्याला आनंदच आहे.

पण आनंदात हुरळून जाऊ नये. कारण खलनायकाच्या बाजूने गोष्ट सांगायची कल्पना काही हॉलिवूडने लावलेला शोध नाही. हल्ली 'मॅलेफिसेंट' आला, 'क्रुएला' आला, आता हा स्कार. आपल्या मातीत हे काम त्याच्या कितीतरी आधी झाले आहे.

कोकणात नरक चतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी कारीट ठेवतात आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात. कारीट म्हणजे नरकासुर. पाच वर्षांचे पोरही हौसेने फोडते. आपल्या बौद्ध घरांत ती प्रथा राहिली नाही, पण शेजारपाजारी आपली मुले ती बघतातच. नरकासुर कोण होता, कुठला होता, त्याची प्रजा त्याच्याविषयी काय म्हणत होती, असे विचारायला त्या पोराला कोणी सांगत नाही. आधी फोड, मग फराळ. उलट शिमग्याला आपल्या रत्नागिरीच्या गावागावांत नमन-खेळ्यांबरोबर संकासुर येतो. काळा पोशाख, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरे. पुराणवाले म्हणतात हा वेद चोरणारा दैत्य, याला मत्स्याने मारला. पण कोकणातली बाई याच संकासुराला नवस बोलते, पोर त्याला घाबरते आणि त्याच्याच मागे धावते. पुराणाने ज्याला खलनायक केले त्याला लोकांनी अंगणात बोलावून ठेवले. ज्यांच्या कानावर वेद पडू नयेत असा कायदा होता, त्यांना वेद 'चोरणारा' आपला का वाटला असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

हाच विचार महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त केला. मत्स्य आणि शंखासुर, वराह आणि हिरण्याक्ष, वामन आणि बळी, एकेका अवताराची कथा उलटी करून त्यांनी विचारले की मारणारा कोण होता, मेलेला कोण होता आणि गोष्ट कोणी लिहिली? पुस्तक त्यांनी अर्पण केले होते ते काळ्यांची गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. तिथल्या त्या गुलामांच्या वंशातला एक दिग्दर्शक दीडशे वर्षांनी खलनायकाची जन्मकथा सांगतो आणि ती रत्नागिरीत बघितली जाते, हा योग मला मोठा वाटला.

मात्र जोतीरावांच्या आणि डिस्नेच्या उलट्या गोष्टीत एक मोठा फरक आहे. जोतीरावांनी ज्याला न्याय मिळवून दिला तो बळी होता. त्याचे राज्य गेले, जमीन गेली, नावही बदनाम झाले. डिस्ने ज्याची जन्मकथा सांगते तो राजपुत्र आहे. स्कारला गोष्ट मिळाली, कारण स्कार राजघराण्यातला. पण जुन्या 'लायन किंग'मधले तरस आठवतात काय?

मी मुलीला हेच विचारले. तिला ते चांगले आठवत होते. हत्तींच्या हाडांच्या ओसाड जागेत राहणारे, कायम भुकेलेले, हसले तरी भेसूर वाटणारे तरस. त्या सिनेमात मुफासा राजा छोट्या सिम्बाला उंचावर नेऊन राज्य दाखवतो. जिथवर उजेड पोचतो तिथवर आपले. पलीकडे जी सावलीतली जागा आहे तिथे कधी जायचे नाही. तिथे तरस राहतात. गावकुसाबाहेरची वस्ती याहून वेगळी काय असते? उजेड गावाचा, सावली वाड्याची. त्यांनी भुकेपोटी स्कारचे ऐकले म्हणून ते दुष्ट. त्यांना बाहेर कोणी काढले, कधी काढले, त्यांची शिकारीची जागा कोणती होती? १९९४ मध्ये उत्तर नाही, २०१९ च्या नव्या आवृत्तीत नाही, २०२४ मध्येही नाही. ज्याची गादी हुकली त्याला दोन तासांची सहानुभूती. ज्यांना जागाच नव्हती त्यांना दोन मिनिटेही नाहीत.

मुलगी म्हणाली, "पण पप्पा, मुफासा पण उपराच होता ना? मग राजा झाल्यावर त्याने तरसांना आत का नाही घेतलं?"

मित्रांनो, पाचवीतल्या मुलीने विचारलेला हा प्रश्न मी जसाच्या तसा तुमच्यापुढे ठेवतो. कारण तो मुफासापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. ज्याला एकेकाळी पंगतीबाहेर बसवले होते, तोच डोंगरावर उभा राहून लेकराला सांगतो की पलीकडे जाऊ नकोस. आपल्यातला जो शिकला, साहेब झाला, शहरात फ्लॅट घेतला, तो आपल्या मुलांना गावच्या बौद्धवाडीत किती वेळा नेतो? कातकरी वाडीवर कधी नेतो काय? सफाई कामगाराच्या मुलाला आपल्या मुलाच्या वाढदिवसाला बोलावतो काय? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याचसाठी. या जिन्यावर प्रत्येकाला पायाखाली एक पायरी दिलेली आहे, म्हणून जिना मोडायला कोणी तयार होत नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली ती याच डोंगरावर उभे राहिलेल्यांबद्दल होती.

आणखी एक गोष्ट बघा. मुफासाला प्राण्यांनी कर्तृत्व बघून राजा मानले. ठीक. पण त्याच्यानंतर गादी कोणाला? मुलाला, सिम्बाला. म्हणजे पहिला राजा निवडीचा आणि दुसरा लगेच वंशाचा. एकाच पिढीत ओबासीचा कायदा परत आला. जन्मसिद्ध अधिकार मोडणारा माणूस मरायच्या आत आपल्या पोरासाठी जन्मसिद्ध अधिकार तयार करतो, हा खेळ केवळ जंगलात चालतो असे समजायचे कारण नाही. पक्षांत चालतो, संस्थांत चालतो, चळवळीतही चालतो. नावे घेत नाही, ज्याने त्याने आपल्या जिल्ह्यात बघून घ्यावे. राजा कोण, या प्रश्नाचे आपले उत्तर २६ जानेवारी १९५० ला देऊन झाले आहे.

आता नावाविषयी. 'टाका' हे नाव ऐकून आमची मुलगी सुरुवातीला हसली होती. मराठीत टाका म्हणजे फेका. कचरा टाका, तसे. गंमत अशी की ज्या स्वाहिली भाषेतून लायन किंगची बरीच नावे घेतली आहेत त्या भाषेत 'टाका' शब्दाचा एक अर्थ कचरा, घाण असाच आहे. तिथे सिम्बा म्हणजे सिंह, रफिकी म्हणजे मित्र आणि टाका म्हणजे केर. राजाच्या पोराला हे नाव का दिले असेल ते सिनेमावाल्यांना ठाऊक. मला मात्र आठवली ती आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली नावे. केरू, धोंडू, दगडू, भिकू. मूल जगावे, नजर लागू नये म्हणून अशी नावे ठेवत, हे खरे आहे आणि इतर जातींतही ठेवत. पण आपल्याबाबतीत त्याला शास्त्राचा शिक्काही होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे तिरस्कार वाटेल असे. म्हणजे पोर पाळण्यात असतानाच त्याची भूमिका ठरली. खलनायकाची जन्मकथा हवी असेल तर ती इथून सुरू होते.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले त्यात हा नियमही जळाला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या घरांत सिद्धार्थ आले, राहुल आले, सुजाता आल्या, प्रज्ञा आल्या. एका पिढीत नावे बदलली. कोणी दिली म्हणून नव्हे, आम्ही घेतली म्हणून. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्या मातीतल्या माणसांना नावाचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणूनच मुफासा टाकाचे नाव घ्यायचे नाकारतो आणि त्याला त्याच्या जखमेच्या नावाने आयुष्यभर ओळखले जाते, ते मला खटकले. शिक्षा करा, जाब विचारा. पण माणसाला त्याच्या व्रणावरून हाक मारणे हे आपल्याला आतून माहीत आहे. ते आपण कोणाच्याही बाबतीत मान्य करू नये, अगदी टाकाच्याही.

इथे काही तरुण म्हणतील की मग सगळ्या खलनायकांना माफ करायचे काय? नाही. आपल्याच शहरातले उदाहरण घ्या. ब्रह्मदेशाचा शेवटचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मुलांना आपण थिबा पॅलेस दाखवतो, मागची गोष्ट सांगत नाही. त्याचे राज्य घ्यायचे होते तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला दारुडा, क्रूर, रानटी राजा म्हणून रंगवला. सागवानाच्या व्यापाराचा वाद त्यामागे होता हे झाकले. पण गादीवर आल्यावर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या माणसांची कत्तल झाली, हेही खरेच आहे. इंग्रजांचा स्वार्थ दाखवला म्हणून ती कत्तल पुसली जात नाही आणि कत्तल झाली म्हणून इंग्रजांची लूट न्याय्य ठरत नाही. दोन्ही एका वेळी डोक्यात ठेवता येतात. आपल्या मुलांना ते आले पाहिजे.

खलनायकाशी कसे वागावे याचा सर्वात मोठा धडा मात्र आपल्याकडे अंगुलिमालाचा आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाच्या धम्मप्रवेशाला जागा दिली आहे. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर. यालाही लोकांनी त्याच्या अपराधावरूनच नाव दिलेले. पाली अट्ठकथेत त्याची जन्मकथा येते. मूळ नाव अहिंसक, तक्षशिलेतला हुशार विद्यार्थी. सहाध्यायांनी जळून गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा मागितली हजार बोटांची. एका गुरूने एकलव्याचा अंगठा मागितला, दुसऱ्याने शिष्याकडून हजारांची बोटे मागितली. गुरूची जागा मोठी, हिशेब शिष्याच्या माथी.

पण लक्षात घ्या, ही जन्मकथा मूळ अंगुलिमाल सुत्तात नाही, ती नंतरच्या टीकाकारांनी सांगितली. मूळ सुत्तात तथागत त्याला भूतकाळ विचारत नाहीत. ते त्याला थांबायला सांगतात. तो थांबतो, शस्त्र टाकतो, भिक्खू होतो. संघात त्याला जागा मिळते, राजा पसेनदि शोधायला येतो तेव्हा तथागत त्याला पाठीशीही घालतात. मात्र भिक्षेला गेल्यावर लोक त्याला दगड मारतात, डोके फुटते, तेव्हा ते त्याला सांगतात की हे सोस, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. जागा दिली, पण हिशेब माफ केला नाही. मुफासाने उलटे केले. टाकाला कळपात ठेवला आणि माणसातून उठवला. असा भाऊ पुढे काय करतो, ते १९९४ च्या सिनेमात आहेच.

मुलीशी हे सगळे एका दिवसात बोललो नाही. पोरांना भाषण नको असते, आठवडाभर जेवताना, झोपताना थोडे थोडे निघत गेले. शेवटी मी तिला एवढेच म्हटले की टाकाची कीव आली हे चांगलेच आहे, ज्याला कीव येत नाही तो ओबासी होतो. पण कीव आली की लगेच विचारायचे, याचे गेले ते याचे होते काय? आणि या गोष्टीत असा कोण आहे ज्याच्याबद्दल कोणी बोललेच नाही?

शाळा सुरू झाल्यावर ती मैत्रिणीशी आपण होऊन बोलली. काय बोलली ते मी विचारले नव्हते, तिनेच सांगितले. "मी तिला म्हटलं, तुझी जागा मी घेतली नाही. जागा रिकामी होती, आपण दोघी बोललो, मी निवडले गेले. पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून तयारी करू." मैत्रीण अजून पूर्ण बोलत नाही. डबा मात्र परत एकत्र खातात.

बालसंस्कार शिबिरे आपण घेतो, ती घेतलीच पाहिजेत. पण शिबिरात त्रिसरण-पंचशील पाठ करून घेतल्यावर एक दुपार सिनेमासाठीही ठेवा. 'मुफासा' दाखवा, 'लायन किंग' दाखवा, रामायण-महाभारताची कार्टूनेसुद्धा दाखवा. बंदी घालून काही होत नाही, मूल ते मोबाईलवर बघणारच आहे. दाखवा आणि दिवा लावल्यावर त्यांना बोलू द्या. कोण राजा झाला हे कोणीही सांगेल. तरसांची गोष्ट कोण लिहील, एवढे विचारा आणि कागद पेन्सिल पुढे ठेवा.

जय भीम!